बुडत्या जहाजाचं तिकीट काढावं का?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "वडिलांचा जन्म 1955 चा, डिचोली तालुक्यातला, म्हणजे गोवा मुक्तीपूर्वीचा, पोर्तुगीज राजवटीतला. त्यांची लिस्बनला जन्मनोंदणी करून पुढे मुलाचा पोर्तुगीज पासपोर्ट काढावा असं घरात चाललंय. एजंटने सांगितलेली रक्कम लहान नाही. माझे खाणीवर दोन ट्रक होते. 2018 ला काम थांबलं तेव्हा एक विकला, दुसऱ्यावर कसंबसं चाललंय. मुलगा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आणि इकडे जो तो सांगतो की युरोप-अमेरिकेचे दिवस भरले, आता चीनचा आणि भारताचा काळ. तसं असेल तर बुडत्या जहाजाचं तिकीट कशाला काढायचं?"

मी 1987 साली वास्कोत एका शिपिंग एजन्सीत कारकून म्हणून लागलो. पुढे वीसेक वर्षं लोहखनिजाच्या निर्यातीसाठी जहाजं भाड्याने ठरवण्याचं, म्हणजे चार्टरिंगचं काम केलं. आता निवृत्त आहे, तरी कोणाचा डेमरेजचा, म्हणजे जहाज खोळंबल्याच्या दंडाचा, हिशेब अडला की बघून देतो. आंतरराष्ट्रीय राजकारण मी पुस्तकातून शिकलो नाही. जगात कोणाचं वजन किती, हे मला मुरगावच्या धक्क्यावरच्या कागदपत्रांतून दिसत गेलं. त्यामुळे उत्तर त्याच वाटेने देतो.

आधी एक गोष्ट वेगळी करू. तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. पश्चिमेचं वर्चस्व ओसरतंय का, हा एक. आणि ते ओसरत असेल तर वीस वर्षांच्या पोराने काय करावं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "हो" आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही. बहुतेक लोक इथेच घसरतात.

माझ्याकडे 2010 च्या एका शिपमेंटची फाईल अजून आहे. माल आपल्याच पट्ट्यातला, 56 टक्क्यांच्या आसपास लोह असलेला चुरा. एकेकाळी जपानी कंपन्या गोव्याचं खनिज घ्यायच्या. पोर्तुगीज काळातच, पन्नासच्या दशकात, त्यांनी इथे यंत्रसामग्री उधारीवर दिली आणि मोबदला खनिजात घेतला. पण इतक्या कमी प्रतीच्या चुऱ्याला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते चीनमुळे. चीनचं पोलाद उत्पादन 2000 साली 13 कोटी टनांच्या आत होतं. 2010 मध्ये ते 64 कोटी टनांच्या घरात गेलं आणि आज 100 कोटी टनांच्या आसपास आहे. जपान इतकी सगळी वर्षं 8 ते 12 कोटी टनांच्या दरम्यानच राहिला. तुमच्या दारात ट्रक उभे राहिले ते या आकड्यांमुळे.

आता त्या फाईलमधले कागद बघा. गिऱ्हाईक उत्तर चीनमधली गिरणी. जहाज जपानात बांधलेलं, मालक ग्रीक, निशाण लायबेरियाचं, खलाशी फिलिपिनो आणि त्यांत दोन आपले तारवटी. इथपर्यंत सगळं पूर्वेकडे झुकलेलं दिसतं. पण चार्टर पार्टीत, म्हणजे जहाजाच्या भाडेकरारात, कायदा इंग्लंडचा आणि लवाद लंडनचा. भाड्याचा दर ठरवताना समोर ठेवलेला निर्देशांक लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजचा. जहाजामुळे होणाऱ्या नुकसानीच्या जबाबदारीचा विमा ब्रिटनमधल्या एका पी अँड आय क्लबचा, म्हणजे जहाजमालकांच्याच विमा मंडळाचा. असे 12 क्लब मिळून जगातल्या समुद्री टनभारापैकी साधारण 90 टक्क्यांचा हा विमा सांभाळतात. पैसे डॉलरमध्ये, म्हणजे हिशेब न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरून येणार.

त्या शिपमेंटमध्ये उतराईच्या बंदरावर जहाज खोळंबलं आणि डेमरेजचा वाद झाला. आम्ही गोव्याचे, समोरचे चीनच्या शानदोंग प्रांतातले. दोघांनी लंडनला वकील केले आणि दोघांनी पौंडात फी भरली. तेव्हा आमच्यापैकी कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही, आणि आज मला त्यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. माल कोणाचा, पैसा कोणाचा, कारखाने कोणाचे, हे झपाट्याने बदललं होतं. दोन परक्यांचं भांडण झालं तर कुठे जायचं, हे बदललं नव्हतं. वर्चस्व मी यावरून मोजतो.

म्हणून पश्चिमेचा ऱ्हास हा एकच आकडा धरून चालू नका. कारखाने आणि गोद्या सगळ्यांत आधी हलल्या. आज जगात बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या टनभारापैकी निम्म्याहून अधिक चीनमध्ये बांधला जातो. व्यापार त्यांच्या मागून गेला. विमा, कायदा, लवाद, चलन या गोष्टी सगळ्यांत शेवटी आणि फार सावकाश हलतात, कारण त्या विश्वासावर चालतात. चीनने आपली नवी गोदी तीन वर्षांत उभी केली. लंडनच्या लवादाला जी पत आहे ती तीन वर्षांत उभी राहत नाही.

शिवाय "पश्चिम" म्हणताना आपण कोणाबद्दल बोलतोय? जागतिक उत्पन्नात अमेरिकेचा वाटा 1980 मध्ये चौथ्या हिश्श्याच्या आसपास होता, आजही तिथेच आहे. घसरला तो युरोप. जपान तर फारच: 1995 च्या सुमारास 17 टक्क्यांवर होता, आता 4 टक्क्यांच्याही खाली. वस्तूंच्या स्थानिक किमती धरून हिशेब केला तर जी-7 देशांचा वाटा 30 टक्क्यांच्या आत येतो. बाजारातल्या डॉलरच्या दराने केला तर तो अजून 45 टक्क्यांच्या जवळपास आहे. भाषणं देणारे आपल्या सोयीचा हिशेब उचलतात. जहाजाचं भाडं मात्र बाजारातल्या डॉलरनेच भरावं लागतं, हे ध्यानात ठेवा.

2008 चा हंगाम मी विसरू शकत नाही. पावसाळा संपून बार्जी मांडवी-जुवारीत फिरू लागल्या होत्या. केपसाइज, म्हणजे खनिज नेणाऱ्या अजस्र जहाजाचं दिवसाचं भाडं त्या वर्षी जूनमध्ये दोन लाख डॉलरच्या वर होतं. बाल्टिकचा निर्देशांक मे महिन्यात 11,793 वर पोचला होता. मग 15 सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये लीमन ब्रदर्स कोसळली. पुढच्या काही आठवड्यांत आमचं एक जहाज मुरगावच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं. माल जेटीवर तयार, बार्जी भरलेल्या, कप्तानाने तयारीची नोटीस दिलेली. पण चीनमधल्या गिऱ्हाइकाचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैशाची बँकेने दिलेली हमी, येईना. आधी म्हणाले बँक उघडून देत नाही, मग म्हणाले भाव कमी करा. दोन्ही खरं होतं. त्या दिवसांत बँका एकमेकींच्या कागदावर विश्वासच ठेवत नव्हत्या.

रोज सकाळी मी डेमरेजचा आकडा लिहायचो आणि मालकासमोर ठेवायचो. खनिज गोव्याचं, गिऱ्हाईक चीनचं, मधल्या व्यवहारात एकही अमेरिकन माणूस नाही, आणि तरी आमचं जहाज अडलं न्यूयॉर्कमुळे. 5 डिसेंबरला तोच निर्देशांक 663 वर आला होता. माझ्या ओळखीच्या दोन बार्जमालकांनी त्या हिवाळ्यात घरातले दागिने बँकेत ठेवले.

पण गोष्ट तिथे संपली नाही. नोव्हेंबरमध्ये चीनने 4 लाख कोटी युआनची योजना जाहीर केली: रेल्वे, रस्ते, घरं. जानेवारी-फेब्रुवारीत तीच गिऱ्हाइकं परत फोन करू लागली. 2008 मध्ये चीनने 44 कोटी टन खनिज आयात केलं होतं, 2009 मध्ये जवळजवळ 63 कोटी टन. बुडवलं न्यूयॉर्कने आणि वर काढलं बीजिंगने, तेही एकाच हंगामात. सत्ता सरकतेय असं मला पहिल्यांदा आतून जाणवलं ते त्या फेब्रुवारीत, फोनवर. तोपर्यंत तो वर्तमानपत्रातला विषय होता.

तुम्ही डिचोलीचे आहात म्हणून आता जरा मागे जातो. पोर्तुगीजांचं समुद्रावरचं वर्चस्व कधी मोडलं? 1622 मध्ये होर्मुझ गेलं, 1641 मध्ये मलाक्का, 1656 मध्ये कोलंबो, 1663 मध्ये कोची. ज्यांच्या परवान्याशिवाय, ज्यांच्या कार्ताझशिवाय अरबी समुद्रात गलबत हाकता येत नव्हतं, त्यांची सद्दी सतराव्या शतकाच्या मध्यालाच संपली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. जुने गोवे ओस पडत गेलं. आणि तुमचा तालुका त्यांच्या हातात कधी आला? त्यानंतर. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे या नव्या काबिजादी, म्हणजे मागाहून जिंकलेले तालुके, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. समुद्रावर ज्यांचं चालेनासं झालं होतं त्यांनी तुमच्या पणजोबांच्या पणजोबांवर राज्य सुरू केलं आणि ते 1961 पर्यंत टिकवलं. तुमच्या वडिलांना आज लिस्बनमध्ये नाव नोंदवता येतं ते त्या उताराच्या काळातल्या राजवटीमुळे.

कांदोळीच्या किनाऱ्यावर 2000 च्या जूनमध्ये रुतलेली रिव्हर प्रिन्सेस ही बोट आठवते ना? पुन्हा ती कधी समुद्रात गेली नाही. पण जवळजवळ बारा वर्षं तिथेच होती आणि तिच्यामुळे वाळू कुठे साचायची आणि कुठे झिजायची ते ठरत होतं. थकलेल्या सत्तांचं असंच असतं. चालत नाहीत, पण आजूबाजूचा किनारा त्या घडवत राहतात.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला अर्धंच सांगितल्यासारखं होईल. तीनशे वर्षांच्या उताराचा शेवट इथे भारतीय सैन्याच्या 36 तासांच्या कारवाईत झाला. 18 डिसेंबर 1961 ला अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा समितीत भारताने थांबावं असा ठराव आणला. सोव्हिएत संघाने तो नाकाधिकाराने अडवला. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (तेव्हाचा इजिप्त) हेही विरोधात गेले. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, पण नाटोचं एकही जहाज मुरगावकडे निघालं नाही. तेव्हा सावकाश म्हणजे कायमच सावकाश, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आजचा काळ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा सुमारे 300 अब्ज डॉलरचा परकीय साठा पश्चिमी देशांनी गोठवला. डिसेंबरात रशियन तेलाला पिंपामागे 60 डॉलरची मर्यादा घातली: त्याहून महाग रशियन तेल नेणाऱ्या जहाजाला पश्चिमी विमा नाही. ज्या कागदांबद्दल मी वर लिहिलं तेच कागद हत्यार म्हणून वापरले गेले. आमच्या धंद्यातल्या लोकांना याचा अर्थ लगेच कळला. लवाद आणि विमा हा तटस्थ पंच आहे, या समजुतीवर सगळं चाललं होतं. पंच स्वतः खेळायला उतरला की दोन्ही संघ दुसरा पंच शोधू लागतात. जुनी जहाजं घेऊन, वेगळा विमा काढून एक समांतर ताफा उभा राहिला. भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा युद्धाआधी दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो एक-दोन वर्षांत तिसऱ्या हिश्श्याच्याही वर गेला.

पण पर्याय उभा करणं किती जड जातं तेही इथेच, आपल्या गोव्यात ऐकायला मिळालं. मे 2023 मध्ये बाणावलीत शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. रशियाचे लावरोव तिथेच म्हणाले होते की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठलेत आणि ते वापरता येत नाहीत. तेल रुपयात विकलं, पण त्या रुपयांत आपल्याकडून घेण्यासारखं त्यांना पुरेसं काही नव्हतं. डॉलर नको म्हणणं सोपं, डॉलरच्या जागी हातात काय घ्यायचं हे अवघड. जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या साठ्यात डॉलर 1999 मध्ये 71 टक्के होता, आता 60 च्याही खाली आहे. म्हणजे घट खरी आहे. पण युआन दोन टक्क्यांच्या आसपासच अडकलाय. डॉलरने सोडलेली बरीचशी जागा कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्यांच्या चलनांनी घेतली.

2016 च्या ऑक्टोबरात ब्रिक्सची शिखर परिषद बाणावलीत भरली होती. पुतिन, शी जिनपिंग आले, रस्ते चकचकीत झाले, इथल्या वर्तमानपत्रांनी पानं भरली. पुढच्याच महिन्यात लंडनचं बाल्टिक एक्स्चेंज सिंगापूर एक्स्चेंजने विकत घेतलं. त्याची बातमी इथे कोणी फारशी छापली नाही. मला दुसरी घटना मोठी वाटली आणि अजूनही वाटते. कार्यालय लंडनलाच राहिलं, पण मालकी आशियात आली. पुढे 2020 मध्ये बिमको या जहाजवाल्यांच्या संघटनेने आपल्या नमुना कलमात लंडन, न्यूयॉर्क आणि सिंगापूरच्या जोडीला हाँगकाँगचा लवाद घातला. भाषणांपेक्षा मी अशी कलमं वाचतो.

आणि आता तुमच्या बोलण्यातल्या "भारताचा काळ" याबद्दल. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण लिहितो. 2010-11 मध्ये गोव्यातून 5 कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेलं. पश्चिमेच्या उतरत्या काळाचा फायदा कोणाला झाला म्हणायचं तर आपल्याला व्हायला हवा होता. झालं काय? भाव पूर्वी जपानी गिरण्या आणि मोठ्या खाण कंपन्या वर्षातून एकदा बसून ठरवायच्या, 2010 नंतर तो रोजच्या निर्देशांकावर ठरू लागला. त्या खोलीत आपण आधीही नव्हतो आणि नंतरही नव्हतो. चीनने 2013 मध्ये दालियनच्या बाजारात खनिजाचे वायदे सुरू केले, 2022 मध्ये खरेदीसाठी सरकारी कंपनी काढली, म्हणजे भाव ठरवण्याच्या खोलीत शिरायला त्यांनी वीस वर्षं घेतली. आपण त्या वर्षांत टेकड्या पोखरल्या. 2012 ला खाणकामावर बंदी आली, 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लिजांचं नूतनीकरण रद्द केलं. तुमचे ट्रक थांबले ते वॉशिंग्टन किंवा बीजिंगमुळे नाही, आपल्याच घरातल्या बेकायदा कारभारामुळे. गिऱ्हाईक बदललं, म्हणजे आपण वर आलो, असं त्या दिवसांत आम्हा सगळ्यांना वाटत होतं. मलाही. भारताची चीनशी व्यापारातली तूट 2024-25 मध्ये सुमारे 99 अब्ज डॉलर होती.

म्हणून पासपोर्टचा निर्णय जगाच्या राजकारणावर घेऊ नका. तो घरच्या परिस्थितीवर घ्या, आणि ती मला इथून दिसत नाही. काही गोष्टी मात्र निश्चित आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, मुलगा पोर्तुगीज झाला की भारतीय राहणार नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळालं तरी मत देता येत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमची गावात कूळवहिवाटीची किंवा वारशाची जमीन असेल तर आधी त्याबद्दल वकिलाला विचारा, एजंटला नको. आणि आपले बहुतेक लोक त्या पासपोर्टवर पोर्तुगालला गेलेच नाहीत, इंग्लंडमधल्या स्विंडनला आणि लंडनला गेले. तो दरवाजा ब्रेक्झिटनंतर, 2020 अखेर, नव्याने जाणाऱ्यांसाठी बंद झाला. आता उरतो युरोपीय संघ, आणि तिथे कारकुनी कामालासुद्धा तिथली भाषा लागते. मुलगा वर्षभर पोर्तुगीज किंवा जर्मन मनापासून शिकायला तयार आहे का, हे युरोप बुडतोय का यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

कर्ज काढून एजंटला पैसे देणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. वडिलांच्या जन्मनोंदणीची जुनी कागदपत्रं, पोर्तुगीज काळातला दाखला, नावातले फरक, हे मात्र आजच गोळा करून ठेवा. वडील हयात असताना ते सोपं जातं.

मुलाने काय शिकावं? मी त्याच्या जागी असतो तर दोन्हीकडे लागणारं काम शिकलो असतो. चार्टरिंग, सागरी विमा, लेटर ऑफ क्रेडिटची कागदपत्रं, लवादाचा कायदा. हे काम आज लंडनच्या नियमांनी चालतं. उद्या सिंगापूरच्या किंवा दुबईच्या नियमांनी चालेल, तेव्हाही कलम वाचता येणारा माणूस लागेलच. मँडरिनचं विचारलंत नाही, पण पुढे विचाराल: आवड असेल तर शिकू दे, नुसतं चीन मोठा होतोय म्हणून शिकायला घेतलं तर सहा महिन्यांत सुटेल. ज्या चिनी लोकांशी मी व्यवहार केले ते करार इंग्रजीतच करत आणि फार बारकाईने वाचत.

त्याची परीक्षा झाली की एखाद्या रविवारी त्याला वास्कोला पाठवा. ती 2010 ची फाईल मी त्याच्यासमोर ठेवतो. पहिल्या पानापासून शेवटच्या डेमरेज हिशेबापर्यंत वाचायला तीनेक तास लागतील. त्यात त्याचं मन रमलं तर पुढचं बोलू.